धर्मगुरूंविना टिकलेला धर्म : जपानमधील गुप्त ख्रिस्ती समाज (इ. स. १६१४ ते १८७३)

१

ख्रिस्ती धर्माच्या इतिहासात छळाच्या प्रसंगांची उणीव नाही, आणि त्या प्रसंगांविषयीचे लेखनही विपुल आहे. परंतु हे लेखन बहुतांशी रक्तसाक्ष्यांच्या चरित्रांभोवती फिरते. ज्यांनी धर्मासाठी प्राण दिले त्यांची नावे, त्यांचे अखेरचे शब्द व त्यांच्या मृत्यूचे दिवस काळजीपूर्वक नोंदले गेले. ते स्वाभाविकही होते. तथापि इतिहासाच्या अभ्यासकापुढे एक निराळा प्रश्न उभा राहतो. प्राण देणाऱ्यांनी धर्माची साक्ष दिली हे खरे. परंतु जे प्राण न देता मागे उरले, त्यांच्या घरांतून पुढील पिढ्यांपर्यंत हा धर्म कोणत्या मार्गाने पोचला? या प्रश्नाचा विचार करण्यास जपानइतके उद्बोधक उदाहरण क्वचितच सापडेल. १६४४ मध्ये तेथील शेवटचा देशी धर्मगुरू, मान्सियो कोनिशी, मारला गेला. त्यानंतर १८६५ पर्यंत, म्हणजे सुमारे सव्वादोनशे वर्षे, त्या देशातील ख्रिस्ती लोकांना धर्मगुरू, मिस्सा, पापनिवेदन अथवा छापील धर्मग्रंथ यांपैकी काहीही उपलब्ध नव्हते. असे असूनही नागासाकीच्या आसमंतातील हजारो कुटुंबांत तो धर्म जिवंत राहिला. तो कशामुळे राहिला, आणि 'राहिला' असे म्हणताना नेमके काय राहिले, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

हा विषय दूरदेशीचा असला तरी आपल्या किनाऱ्याशी त्याचा संबंध आहे. फ्रान्सिस झेवियर १५ ऑगस्ट १५४९ रोजी कागोशिमा येथे उतरला, तेव्हा त्याच्याबरोबर दुभाष्या म्हणून असलेल्या आंजिरो या जपानी गृहस्थाचा बाप्तिस्मा आदल्याच वर्षी गोव्यात झाला होता. पुढे १५८२ मध्ये जपानमधून युरोपला जे चार तरुण दूत म्हणून धाडण्यात आले, त्यांचा जाण्यायेण्याचा मार्गही गोव्यावरूनच होता. आणि १५९७ मध्ये नागासाकी येथे क्रुसावर मारलेल्या सव्वीस जणांत गोन्सालो गार्सिया हा फ्रान्सिस्कन बंधू वसईचा होता. त्याचा पिता पोर्तुगीज व माता एतद्देशीय होती, अशी परंपरा आहे.

२

प्रथम छळाचे स्वरूप व त्याची कारणे पाहणे अवश्य आहे. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात जपानच्या पश्चिम भागात ख्रिस्ती धर्माचा प्रसार वेगाने झाला. १६१४ च्या सुमारास ख्रिस्ती लोकांची संख्या तीन लाखांच्या घरात होती, असा अनेक अभ्यासकांचा अंदाज आहे. या प्रसारात उपदेशाचा वाटा होता तसा राजकारणाचाही होता. पोर्तुगीज व्यापाराच्या लाभाने काही सरदार या धर्माकडे वळले. ओमुरा सुमितादा याने १५६३ मध्ये बाप्तिस्मा घेतला व १५८० मध्ये नागासाकी बंदर येशूसंघाच्या हवाली केले. त्याच्या मुलखात प्रजेला धर्मांतर करणे भाग पाडण्यात आले व बौद्ध आणि शिंतो देवस्थाने उद्ध्वस्त करण्यात आली, ही गोष्टही नजरेआड करून चालणार नाही. छळाचा इतिहास लिहिताना छळ सोसणाऱ्यांच्या पूर्वेतिहासावर पडदा टाकणे हे इतिहासकाराला शोभणारे नाही.

१५८७ मध्ये हिदेयोशीने धर्मोपदेशकांना देश सोडण्याची आज्ञा केली, परंतु तिची अंमलबजावणी शिथिल राहिली. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीच्या निशिझाका टेकडीवर सव्वीस जणांना क्रुसावर चढविण्यात आले, तेव्हा राज्यकर्त्यांच्या मनातील संशय प्रथमच उघड झाला. धर्मोपदेशकांच्या मागोमाग परकीय सैन्य येते, हा तो संशय होता. तोकुगावा घराण्याची सत्ता स्थिर झाल्यावर १६१४ मध्ये सर्व देशभर बंदी लागू झाली. १६२२ मध्ये नागासाकी येथे एकाच दिवशी पंचावन्न जणांचा वध झाला. १६३७-३८ मध्ये शिमाबारा व आमाकुसा येथील शेतकऱ्यांनी बंड केले. असह्य करांचा बोजा हे त्याचे एक प्रमुख कारण होते. परंतु बंडखोरांच्या निशाणांवर ख्रिस्ती चिन्हे होती. हारा किल्ल्यात कोंडलेल्या सुमारे सदतीस हजार लोकांचा संहार करून हे बंड मोडण्यात आले. १६३९ मध्ये पोर्तुगीज जहाजांना जपानची बंदरे कायमची बंद झाली.

राज्यकर्त्यांच्या धोरणात झालेला एक बदल येथे विशेष लक्षात घेण्यासारखा आहे. जाहीर वधाने रक्तसाक्षी निर्माण होतात, व त्यांच्या स्मृतीने उरलेल्यांचा निर्धार वाढतो, हे अधिकाऱ्यांच्या ध्यानी आले. म्हणून त्यांनी मृत्यूपेक्षा धर्मत्यागावर भर दिला. ऑक्टोबर १६३३ मध्ये नागासाकी येथे काही धर्मगुरूंना खड्ड्यात उलटे टांगण्यात आले. त्यांत युरोपला जाऊन आलेल्या चार तरुणांपैकी एक, आता वृद्ध झालेला, जुलियान नाकाउरा होता, तसाच येशूसंघाचा तेथील प्रमुख क्रिस्तोव्हाँव फेरेइरा हाही होता. नाकाउरा मरण पावला. फेरेइराने धर्म सोडला व पुढे अधिकाऱ्यांना साह्य केले. एकाच स्थळी, एकाच यातनेचे हे दोन परिणाम होते, आणि राज्यकर्त्यांच्या दृष्टीने दुसरा अधिक मोलाचा होता.

सामान्य लोकांसाठी योजलेली यंत्रणा याहून व्यापक होती. प्रत्येक कुटुंबाने कोणत्या ना कोणत्या बौद्ध मंदिरात आपले नाव नोंदविणे सक्तीचे झाले. पाच-पाच घरांचे गट करून प्रत्येक गटाला परस्परांच्या वर्तनाबद्दल जबाबदार धरण्यात आले. धर्मगुरू पकडून देणाऱ्यास रोख चांदीचे बक्षीस जाहीर करणारे फलक गावोगाव लागले. नागासाकी परिसरात दरवर्षी रहिवाशांना ख्रिस्त अथवा मरिया यांच्या प्रतिमेवर पाय ठेवावा लागे. या विधीस 'फुमि-ए' म्हणत. १६८७ पासून धर्म सोडलेल्यांच्या वंशजांवरही काही पिढ्यांपर्यंत पाळत ठेवण्याची व्यवस्था झाली. म्हणजे हा छळ आता प्रसंगोपात्त राहिला नव्हता. तो नोंदवह्या, दाखले व वार्षिक तपासणी यांच्या रूपाने दैनंदिन कारभाराचा भाग बनला होता.

३

अशा परिस्थितीत धर्म टिकविणाऱ्या गोष्टींत पहिली म्हणजे सामान्य लोकांची स्वतःची संघटना. धर्मगुरूंची संख्या प्रारंभापासूनच अल्प होती. बंदीच्या वेळी देशात सुमारे दीडशे धर्मगुरू व बंधू होते. त्यामुळे प्रार्थना चालविणे, आजाऱ्यांची शुश्रूषा करणे, मृतांना मूठमाती देणे इत्यादी कामे गृहस्थाश्रमी लोकांच्या मंडळांकडे आधीच आली होती. नागासाकी येथे १५८३ मध्ये पोर्तुगीज नमुन्यावर 'मिझेरिकॉर्दिया' ही दयामंडळी स्थापन झाली, आणि खेड्यापाड्यांतून तशाच प्रकारची लहान मंडळे उभी राहिली. धर्मगुरू नाहीसे झाले तेव्हा ही मंडळेच शिल्लक उरली. उराकामी या नागासाकीनजीकच्या खेड्यात पुढे जी गुप्त व्यवस्था आढळून आली, तिचे स्वरूप याच मंडळांतून विकसित झालेले दिसते. तेथे पंचांग सांभाळणारा, बाप्तिस्मा देणारा आणि घरोघर निरोप पोचविणारा असे तीन प्रकारचे अधिकारी असत. सणवार व उपवास कोणत्या दिवशी येतात हे पंचांगधारक सांगे, आणि निरोप्या ते प्रत्येक कुटुंबास कळवी.

दुसरी गोष्ट म्हणजे बाप्तिस्मा. कॅथलिक धर्मशास्त्राप्रमाणे संकटसमयी कोणीही व्यक्ती योग्य शब्दांनी व पाण्याने बाप्तिस्मा देऊ शकते. इतर संस्कारांना धर्मगुरू लागतो, याला लागत नाही. त्यामुळे सर्व संस्कारांत हा एकच संस्कार अखंड चालू राहिला, आणि गुप्त ख्रिस्ती जीवनाचे केंद्र मिस्सा न राहता बाप्तिस्मा बनला.

तिसरी गोष्ट म्हणजे पश्चात्तापाची शिकवण, आणि प्रस्तुत लेखकाच्या मते ती सर्वांत महत्त्वाची आहे. १६०३ मध्ये सिद्ध झालेली पश्चात्तापविषयक एक छोटी जपानी पुस्तिका हस्तलिखित रूपाने या समाजात पिढ्यान्‌पिढ्या फिरत राहिली. जेथे धर्मगुरू नाही तेथे मनुष्याने ईश्वरावरील प्रेमाने मनःपूर्वक पश्चात्ताप केला, आणि संधी मिळताच पापनिवेदन करण्याचा संकल्प धरला, तर पापाची क्षमा होते, असे तिचे प्रतिपादन होते. वर्षारंभी प्रतिमेवर पाय ठेवून घरी परतलेल्या माणसाला या शिकवणीने पुन्हा उभे राहण्याची वाट दाखविली. बौद्ध भिक्षूंनी मृताच्या उशाशी सूत्रपठण केल्यावर त्याचा परिणाम पुसण्याकरिता आपली प्रार्थना म्हणण्याची चालही काही ठिकाणी पडली. प्रकट आचार एक व अंतरीचा भाव दुसरा, या द्वैताचे ओझे वाहण्याचे साधन त्यांना असे लाभले.

या शिकवणीत पुढे पापनिवेदन करण्याचा संकल्प अनुस्यूत आहे, हे ध्यानात घ्यावे. ज्याच्यापाशी पापनिवेदन करावयाचे तो धर्मगुरू कधीतरी येईलच, ही अपेक्षा क्षमेच्या अटीतच गोवलेली होती. म्हणून या समाजात भविष्याविषयी जी भाकिते रूढ झाली त्यांकडे केवळ भाबडी समजूत म्हणून पाहता येत नाही. सोतोमे परिसरात बास्तियान नावाच्या देशी उपदेशकाच्या नावे एक परंपरा सांगितली जाते. सात पिढ्यांपर्यंत तुम्ही माझी लेकरे राहाल; त्यानंतर मोठ्या काळ्या जहाजातून धर्मगुरू येतील, पापनिवेदन करता येईल आणि प्रार्थना उघडपणे म्हणता येतील, असा तिचा आशय आहे. इकडे शासन धर्म सोडलेल्यांच्या वंशजांच्या पिढ्या नोंदवहीत मोजत होते. तिकडे तेच लोक आपल्या सुटकेच्या पिढ्या मोजत होते. अनिश्चित भविष्याला त्यांनी मोजता येण्याजोगे रूप दिले. मोजता येणाऱ्या काळाची वाट पाहणे हे निरवधी काळाची वाट पाहण्यापेक्षा सुसह्य असते.

४

हा समाज संपूर्णपणे अज्ञात होता असे मात्र नाही. मधूनमधून तो उघडकीस येई. १६५७ मध्ये ओमुरा संस्थानात सहाशेंवर लोक पकडले गेले व त्यांपैकी चारशेंहून अधिकांचा शिरच्छेद झाला. परंतु एकोणिसाव्या शतकातील एक प्रसंग यापेक्षा निराळा आहे. १८०५ मध्ये आमाकुसा बेटांवर सुमारे पाच हजार लोक गुप्तपणे काही निषिद्ध आचार पाळतात, असे चौकशीत आढळले. त्यांना ख्रिस्ती ठरविले असते तर देहदंड अपरिहार्य होता; आणि पाच हजार शेतकऱ्यांना मारणे म्हणजे मुलूख ओसाड पाडणे व कर गमावणे होते. अधिकाऱ्यांनी त्यांना 'विचित्र पंथाचे लोक' ठरविले, पुन्हा तसे न करण्याची प्रतिज्ञा घेतली, प्रतिमेवर पाय ठेवावयास लावले आणि सोडून दिले. तात्पर्य, गुप्तता राखण्यास केवळ लपणाऱ्यांचे कौशल्यच नव्हे, तर पाहणाऱ्यांची न पाहण्याची इच्छाही कारणीभूत होती.

साधनांच्या दृष्टीने हा मुद्दा महत्त्वाचा आहे. या समाजाने स्वतःविषयी फारच थोडे लिहून ठेवले. तोंडपाठ प्रार्थना, हस्तलिखित पंचांगे, पश्चात्तापाची पुस्तिका आणि एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी लिपिबद्ध झालेले सृष्ट्युत्पत्तीपासूनचे एक कथानक, एवढीच त्यांची लेखी व मौखिक संपत्ती होती. बाकी माहिती चौकशी करणाऱ्यांच्या दप्तरातून मिळते. त्या दप्तरात कबुलीजबाब आहेत. पण भीतीने दिलेला कबुलीजबाब हा श्रद्धेचे मोजमाप नव्हे. अभ्यासकाने या कागदांचा उपयोग करताना हे तारतम्य सतत बाळगले पाहिजे.

आपल्याकडील साधनांशी तुलना केल्यास हा प्रश्न अधिक स्पष्ट होतो. ज्या काळात जपानी शासन बौद्ध म्हणविणाऱ्यांच्या घरांत ख्रिस्ती आचार शोधीत होते, त्याच काळात गोव्यातील धर्मसमीक्षण सभा, म्हणजे १५६० मध्ये स्थापन झालेले 'इन्क्विझिशन', ख्रिस्ती म्हणविणाऱ्यांच्या घरांत हिंदू आचार शोधीत होती. १७३६ मध्ये तिने काढलेल्या जाहीरनाम्यात नवख्रिस्त्यांच्या घरगुती चालीरीतींवर बारकाईने निर्बंध घातलेले आढळतात. धर्म दोन, दिशा परस्परविरुद्ध. परंतु सत्तेचा हेतू एकच होता. माणसाच्या अंतरंगाची खात्री त्याच्या उंबरठ्याआत शिरून करून घ्यावयाची, हा तो हेतू होय. दोन्हीकडे सत्तेला ही खात्री अखेरपर्यंत लाभली नाही.

५

१८५८ च्या तहांनंतर परकीयांना नागासाकीत राहण्याची व आपल्या उपासनेची मुभा मिळाली. फ्रेंच धर्मप्रसारकांनी ओउरा येथे प्रार्थनामंदिर बांधले. १५९७ च्या सव्वीस रक्तसाक्ष्यांना १८६२ मध्ये संतपद देण्यात आले होते; म्हणून हे मंदिर त्यांनाच अर्पण केले गेले. वसईच्या गोन्सालो गार्सियाचा अंतर्भाव त्यांत होताच. १७ मार्च १८६५ रोजी उराकामीचे सुमारे पंधरा स्त्रीपुरुष त्या मंदिरात आले. त्यांच्यातील एका स्त्रीने फादर बेर्नार पेतिजां यांच्याजवळ येऊन हलक्या आवाजात सांगितले की, आम्हा सर्वांचे हृदय तुमच्या हृदयासारखेच आहे; आणि मरियेची मूर्ती कोठे आहे अशी पृच्छा केली. आपण सध्या दुःखकाळाच्या सतराव्या दिवसात आहोत, असेही या लोकांनी सांगितले. त्या वर्षी उपवासकाळाचा आरंभ १ मार्च रोजी झाला होता; म्हणजे त्यांची गणना अचूक होती. दोन शतकांहून अधिक काळ छापील पंचांगाविना ती सांभाळली गेली होती, हा या संघटनेच्या कार्यक्षमतेचा याहून निर्विवाद पुरावा कोणता असू शकेल?

तथापि धर्मगुरू आले म्हणून संकट सरले नाही. किंबहुना सर्वांत व्यापक छळ यानंतरच झाला. १८६७ मध्ये उराकामीच्या लोकांनी मंदिरातील भिक्षूंना न बोलविता मृतांचे अंत्यविधी करण्यास प्रारंभ केला. दोनशे वर्षांचे दुहेरी आचरण त्यांनी स्वतः होऊन सोडले. जुलै महिन्यात अडुसष्ट जणांना अटक झाली. यातनांपुढे ताकागी सेन्-एमोन वगळता जवळजवळ सर्वांनी धर्मत्यागाचा उच्चार केला. परंतु घरी आल्यावर त्यांपैकी अनेकजण गावच्या अधिकाऱ्याकडे गेले व आपले शब्द मागे घेतले. पुढे मेइजी शासनाने १८६८ मध्ये बंदी कायम ठेवली, आणि १८७० पर्यंत सव्वातीन हजारांहून अधिक उराकामीवासीयांना कुटुंबांसह पश्चिम जपानातील निरनिराळ्या संस्थानांत हद्दपार करण्यात आले. त्यांपैकी सहाशेंहून अधिक लोक उपासमार, थंडी व छळ यांनी दगावले. पाश्चात्त्य राष्ट्रांचा दबाव वाढला व तहांची फेररचना करून घेण्याची निकड शासनास भासू लागली, तेव्हा २४ फेब्रुवारी १८७३ रोजी बंदीचे फलक उतरविण्याची आज्ञा झाली. हद्दपार लोक परतले. पुढे ज्या अधिकाऱ्याच्या वाड्यात त्यांच्या पूर्वजांना दरवर्षी प्रतिमेवर पाय ठेवावा लागे, त्याच वाड्याची जागा घेऊन त्यांनी तेथे आपले प्रार्थनामंदिर उभारले. १८९५ मध्ये सुरू झालेले हे बांधकाम १९१४ मध्ये पुरे झाले. ९ ऑगस्ट १९४५ रोजी अणुबाँबचा स्फोट याच मंदिरापासून सुमारे अर्ध्या किलोमीटरवर झाला. उराकामीच्या अंदाजे बारा हजार कॅथलिकांपैकी साडेआठ हजारांच्या आसपास मरण पावले. १९५९ मध्ये मंदिर पुन्हा बांधले गेले.

६

या इतिहासाचा आणखी एक भाग आहे, व तो गौरवगाथेत सहसा येत नाही. गुप्त ख्रिस्ती समाजाचा मोठा हिस्सा, काहींच्या मते जवळजवळ अर्धा, १८७३ नंतर कॅथलिक संघटनेत परतलाच नाही. इकित्सुकी बेट, सोतोमे व गोतो बेटे येथील अनेक कुटुंबांनी पूर्वजांचे आचार जसेच्या तसे चालू ठेवले. ज्या धर्मगुरूंची सात पिढ्या वाट पाहिली ते आले, पण त्यांच्या धर्मात या लोकांना आपला धर्म ओळखू आला नाही. धर्मगुरू त्यांना माजघरातील देवचित्रे, पूर्वजांच्या स्मृतितिथी व बौद्ध मंदिराशी जडलेले संबंध सोडावयास सांगत होते. आणि ह्याच गोष्टींच्या आश्रयाने त्यांचा धर्म इतकी वर्षे तगला होता.

अभ्यासकांत याविषयी मतभेद आहेत. तागिता कोया यांनी १९५४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या लोकांच्या आचारांची तपशीलवार नोंद केली, आणि तिच्या आधाराने पुढील अभ्यास झाला. मियाझाकी केंतारो यांच्यासारख्या अलीकडील संशोधकांच्या मते, पूर्वजपूजा व देशी दैवतकल्पना यांच्याशी एकरूप झालेल्या या परंपरेस ख्रिस्ती धर्म म्हणण्यापेक्षा जपानी लोकधर्म म्हणणे अधिक युक्त आहे. उलटपक्षी, प्रार्थनांची रचना, बाप्तिस्म्याचे केंद्रस्थान व पंचांगाची अचूकता यांकडे बोट दाखवून मूळ श्रद्धेचे सातत्य मान्य करणारे अभ्यासकही आहेत. या वादात दोन्ही पक्ष 'टिकणे' या शब्दाचा भिन्न अर्थ घेतात, असे वाटते. सिद्धान्ताच्या दृष्टीने पाहिल्यास बरेच काही हरवले. परंतु ज्या माणसांनी अर्थ न कळणाऱ्या लॅटिन शब्दांची प्रार्थना मुलाकडून पाठ करून घेतली, त्यांच्या दृष्टीने हे करणे हीच निष्ठा होती. शब्दाचा अर्थ गेला, पण तो शब्द आपला आहे व तो पुढच्या हाती दिला पाहिजे, ही जाणीव गेली नाही.

यावरून काही निष्कर्ष काढता येतात. पहिला, या समाजाचे सातत्य वीरवृत्तीइतकेच कारभारावर अवलंबून होते. तिथी मोजणारा, पाणी घालणारा व निरोप पोचविणारा ही तीन साधी माणसे रक्तसाक्ष्यांइतकीच या इतिहासाची कर्ती आहेत. दुसरा, रक्तसाक्षी आणि प्रतिमेवर पाय ठेवणारा हे परस्परविरोधी प्रकार मानणे सोयीचे असले तरी अपुरे आहे. पहिल्याने स्मृती दिली, दुसऱ्याने ती स्मृती जतन करणारी संतती दिली. आणि उराकामीच्या १८६७ च्या प्रसंगात एकच मनुष्य आज शब्द सोडताना व उद्या तो परत घेताना दिसतो. तिसरा निष्कर्ष अधिक विचारप्रवर्तक आहे. २०१८ मध्ये नागासाकी प्रदेशातील या समाजाची बारा स्थळे जागतिक वारसा म्हणून मान्य झाली. परंतु इकित्सुकीवर परंपरा चालविणारे गट आता अत्यल्प उरले आहेत. तरुण मंडळी शहरांकडे गेल्याने जुन्या प्रार्थना पाठ करावयास कोणी पुढे येत नाही. खड्डा, फलक व नोंदवही यांना जे साधले नाही ते उपजीविकेच्या ओढीने व आधुनिक जीवनक्रमाने निःशब्दपणे साधले. धर्माच्या टिकण्याचा विचार करताना आपण छळाकडे जेवढे लक्ष देतो तेवढेच या दुसऱ्या, शांत संकटाकडेही द्यावयास हवे. त्याचा इतिहास लिहिण्यास दप्तरे अपुरी पडतात, आणि तोंडपाठ प्रार्थना म्हणणारी माणसे हयात आहेत तोवरच त्याची साधने आपल्या हाती आहेत.